चार माडांचं मत

सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावर नेणारी बमबोट बारा माणसं झाल्याशिवाय सुटत नाही. आम्ही घरात तिला लाँचच म्हणतो. चांगीच्या धक्क्यावर तिचं वेळापत्रक कुठे लावलेलं नाही. बाकावर जाऊन बसायचं. लाँचवाला अंकल मधूनच येतो, एकेक डोकं मोजतो, कमी भरली की परत जाऊन बसतो. पुन्हा येतो, पुन्हा मोजतो. त्या बारांत महागड्या सायकली घेऊन आलेले बँकवाले असतात, बेटावर घरी परतणारी एखादी म्हातारी असते, गवत कापायला निघालेले बांगलादेशी कामगार असतात. कोणाचं घर केवढं, कोणाकडे राहण्या-कामाचा कुठला पास, हे अंकल विचारत नाही. एक डोकं म्हणजे एक.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हे मोजणं पाहायला फार आवडायचं. कोकणातल्या एका लहानशा बंदरावरच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला आणि शेवटची सहा वर्षं आमच्याकडे वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये काढली. सहा वर्षांत त्यांनी या देशाचं काही कौतुक केलं असेल तर ते एवढंच, की अंकल सगळ्यांना सारखं मोजतो. बाकी एमआरटीच्या गाड्या, एअरकॉन, लिफ्ट, सगळं त्यांच्या लेखी ठीक होतं. उबीनला मात्र दर दोन महिन्यांनी जायचंच असा हट्ट. तिथे उतरल्या उतरल्या तिवरांच्या चिखलाचा वास येतो, डिझेलचा येतो, आणि कुठल्याशा पत्र्याच्या घरामागे वाळत घातलेल्या मासळीचा येतो. अण्णा धक्क्यावर उभे राहून डोळे मिटायचे. मी दटावायची, अण्णा, लोक अडलेत मागे. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर ना! ते म्हणायचे, अडू देत, मी घरी आलोय.

जानेवारीत त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून गेल्या शनिवारी मी आणि माझी मुलगी सई उबीनला गेलो. नवरा जहाजावर इंजिनियर, तो कुठल्यातरी समुद्रात. सईच्या पाठीवरच्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळलेला, अण्णांचा खडूचा डबा होता. तो न्यायला माझा सक्त विरोध होता. माझ्या विरोधाला या घरात किती किंमत आहे ते यावरून कळावं.

डबा मूळचा बिस्किटांचा. वरचं चित्र कधीच घासून गेलं, आता नुसता पत्रा राहिलाय. उघडला की अजून खडूचा वास येतो, कोरडा, घशात बसणारा. आत उत्तरपत्रिकेच्या कागदाच्या सारख्या कापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे, दोऱ्याने बांधलेला, सगळ्या कोऱ्या. आणि गठ्ठ्याबाहेर, कोपऱ्यात, चार घड्या घातलेली एकच चिठ्ठी. ती कोरी नाही. ती यमुनेची आहे.

हा डबा बाहेर निघाला तो सईच्या शाळेपायी. सोळा वर्षांची पोर, इतिहासाचं प्रोजेक्ट. सुरुवातीच्या अमेरिकन लोकशाहीत समानता म्हणजे काय होतं, मत कोणाला होतं. एक दिवस खोलीतून तणतणत बाहेर आली. "आई, दे से ऑल मेन आर इक्वल, देन ओन्ली लँड ओनर कॅन वोट. हाऊ कॅन लाइक दॅट?" मला हसू आलं. म्हटलं, हाच प्रश्न तुझ्या आजोबांनी आठवीच्या चाळीस पोरांच्या तोंडून काढून घेतला होता, तोही पुस्तक न उघडता. आणि मग मी, गप्प बसायचं सोडून, सगळं सांगितलं. डबाही दाखवला. झालं. सईला प्रोजेक्टसाठी अस्सल पुरावा सापडला. "जस्ट ओपन, लाह." मी नाही म्हटलं. पुढचे आठ दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फक्त जेवणापुरत्या बोलत होतो.

काय सांगितलं तिला? सांगण्यासारखं त्यात फार नाही. आहे तो वासच जास्त.

दिवाळीनंतर शाळा उघडायची तेव्हा बंदरावर बोंबील वाळायला लागलेले असायचे. काठ्यांच्या मांडवांवर जोड्याजोड्यांनी टांगलेले, वाऱ्यावर हलणारे. त्याच वाऱ्यात भाताच्या पेंढ्यांचा वास, आणि पहाटेच्या गारठ्यात चुलीवर तापणाऱ्या पाण्याचा. शाळेची कौलं तीन महिन्यांच्या पावसाने काळी पडलेली, भिंतीला पाठ लागली की शर्टाला चुना. दुसऱ्या सत्राचा पहिला सोहळा म्हणजे वर्गाचा मॉनिटर निवडणं. एरवी हात वर करून पाच मिनिटांत उरकायचं. त्या वर्षी दोन उमेदवार होते. एक विलास, नाखव्याचा मुलगा. त्यांच्या दोन लाँचा होत्या, आणि अर्ध्या वर्गाचे बाप त्या लाँचांवर जाळी ओढायचे. दुसरी यमुना, खलाशाची मुलगी, माझी मैत्रीण.

यमुनेला सगळा वर्ग ओळखायचा तो तिच्या आवाजावरून. पाढे म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, आणि चुकला तरी खाली यायचा नाही. दोन घट्ट वेण्या, टोकाला रिबिनीऐवजी जाळ्याचा हिरवा दोरा. तिच्या हातांना सुकटीचा वास यायचा. मी तिला चिडवायची, ती माझ्या वहीवर मुद्दाम हात पुसायची. मला गणित यायचं नाही, तिला निबंध यायचे नाहीत. आम्ही एकमेकींच्या वह्या लिहायचो आणि अण्णांना ते माहीत होतं. त्यांनी कधी पकडलं नाही.

निवडणुकीच्या दिवशी अण्णांचा धडाही नेमका अमेरिकेचा होता. त्यांनी फळ्यावर लिहिलं, सर्व माणसे समान जन्मतात. खाली रेघ ओढली. हात झटकले आणि विचारलं, "सर्व म्हणजे कोण?"

मग ते म्हणाले, की आज हा वर्ग म्हणजे त्या काळची अमेरिका. ज्याच्या घरची स्वतःची जमीन किंवा स्वतःची होडी आहे त्यांनीच उभं राहायचं. पंधरा-सोळा जण उभे राहिले. मग म्हणाले, मुलींनी बसा. दुसऱ्याची जमीन खंडाने करणाऱ्यांनी बसा. ज्यांना विकत आणून राबवलं जात होतं त्यांना तर उठायचाही प्रश्न नव्हता. त्यांची डोकी मोजली जायची, पण ती मालकाच्या राज्याचं वजन वाढवायला. शेवटी सहा मुलगे उभे राहिले. चाळीसातले सहा. उमेदवार वर्गाने आधीच ठरवलेले होते, ते दोघे या मतदारांत धरलेले नव्हते; अण्णांनी फक्त मतदार बदलले.

मतही चिठ्ठीवर नाही. तिथे काही ठिकाणी व्हायचं तसं, सगळ्यांसमोर मोठ्याने द्यायचं. दोन खुर्च्या आणल्या, एक विलासला, एक यमुनेला. मतदाराने पुढे यायचं, नाव उच्चारायचं, आणि ज्याला मत मिळालं त्याने उठून आभार मानायचे. वर्गाला नाटकाची मजा वाटत होती. बसलेली पोरंसुद्धा हसत होती. यमुना खुर्चीवर पाय हलवत बसली होती, कारण तिचे पाय खाली टेकत नव्हते.

आणि मी. मी म्हणजे पहिल्यापासून आगाऊ. शिक्षकाची मुलगी, घरी जेवताना जगाचा इतिहास ऐकून ऐकून नाकाने कांदे सोलायची सवय लागलेली. मी हात वर केला. म्हटलं, सर, तिथल्या एका राज्यात काही वर्षं बायकांनाही मत होतं. नवरा नसेल आणि स्वतःची मिळकत असेल तर. तुम्हीच सांगितलंय.

अण्णा थांबले. म्हणाले, बरोबर आहे. पुढे कायदा करून काढून घेतलं, पण होतं.

"सर, माझ्या नावावर चार माड आहेत."

वर्ग फुटला हसून. पण ते खरंच होतं. माझ्या आईच्या वडिलांनी जाताना चार नारळाची झाडं आणि त्यांच्या बुडाची जमीन माझ्या नावावर केली होती, नातीच्या तोंडी ओलं खोबरं पडावं म्हणून. अण्णांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी अभिमान आणि पंचाईत, दोन्ही दिसत होतं. स्वतःच घातलेल्या नियमात ते सापडले होते. म्हणाले, "मिळकत आहे. लग्न झालेलं नाही. उभी राहा."

मी उभी राहिले. सहा मुलग्यांनी सरकून मला भिंतीकडे जागा दिली. आजवर मला कोणी जागा करून दिली नव्हती असं नाही, पण ही वेगळी होती. बाकीचे तेहतीस खाली बसलेले होते आणि मी उभी होते. पोटात काहीतरी गोड गोड झालं. ते गोड अजून आठवतं, आणि त्याचीच लाज वाटते.

तीन मतं विलासला पडली, तीन यमुनेला. हो, तीन मुलग्यांनी यमुनेला मत दिलं, नाखव्याच्या पोराच्या तोंडावर. त्यांची नावंही आता मला आठवत नाहीत. उरले मी. फळ्यापर्यंत सात-आठ पावलं असतील. यमुना माझ्याकडे बघून हसली आणि उठायच्या तयारीत खुर्चीच्या कडेला सरकली, आभार मानायला.

"विलास," मी म्हणाले.

का, ते विचारू नका. मलाच माहीत असतं तर इतकी वर्षं काढली नसती. विलास उठला, हात जोडले, आभारी आहे म्हणाला. यमुना कडेला सरकलेली तशीच बसून राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती. अण्णांनी घाईघाईने सांगितलं, की हा अर्धा धडा झाला. उद्या उरलेला अर्धा. उद्या सगळ्यांना मत, चाळीसच्या चाळीस जणांना, चिठ्ठीवर, गुप्त. आणि घंटा झाली.

घरी अण्णांनी त्या संध्याकाळी चिठ्ठ्या कापल्या. पट्टी लावून, सगळ्या एका मापाच्या. मला म्हणाले, जरा दोरा दे. मी दिला. कंदिलाची काच पुसल्याचा राखेचा वास आणि कात्रीचा आवाज, एवढंच त्या संध्याकाळचं शिल्लक आहे. सकाळी ते उठलेच नाहीत. अंग भाजत होतं. टायफॉइड निघाला.

यमुना आली ती चौथ्या दिवशी, दुपारची. मी दाराआड होते. मला शाळेत जाऊन तिच्या शेजारी बसणं जमत नव्हतं, म्हणून अण्णांच्या तापाचं निमित्त करून मी घरी राहिले होते. ती बंदरावरून चालत आली होती, पाय धुळीने पांढरे. ओटीवर अण्णांची खाट. ती पायरीखालीच उभी राहिली. आत ये, असं तिला आमच्या घरात कधी कोणी म्हटलं नव्हतं, आणि तिनेही कधी वाट पाहिली नव्हती. तिने सांगितलं, की वडिलांना वेरावळच्या बाजूला लाँचवर काम मिळालंय, सगळे निघालेत, बिऱ्हाड बांधून झालंय.

"सर, मी उद्यापासून नाही. माझं मत घ्याल ना?"

अण्णांनी उशाखालचा डबा काढला, तिला एक चिठ्ठी दिली, पेन्सिल दिली. ती पायरीवर बसली. लिहिण्याआधी तिने विचारलं, "मॉनिटर रोज शाळेत यायला हवा ना, सर?"

अण्णा म्हणाले, "तुझं मत आहे. मला सांगू नकोस."

मी दाराआडून ऐकत होते आणि मला वाटलं, ती विलासला टोमणा मारतेय. लाँच लागली की विलास शाळा बुडवून बंदरावर पळायचा, सगळ्यांना ठाऊक होतं. तिने लिहिलं, चार घड्या घातल्या, स्वतःच्या हाताने डब्यात टाकली. मग दाराकडे बघितलं. मी तिथे आहे हे तिला कळलं असावं, माझ्या परकराची कड दिसत असेल. मग वळली. फाटकाची कडी लावल्याचा आवाज आला. ती कडी नीट बसायची नाही, उचलून लावावी लागायची, आणि तिने ती उचलून लावली. तो आवाज मी वुडलँड्सच्या दहाव्या मजल्यावर ऐकलाय. जिथे फाटक नाही, कडी नाही, तिथे.

अण्णा तीन आठवड्यांनी शाळेत गेले. डबा बरोबर नेला, टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, उरलेला धडा. मॉनिटर निवडायचाय. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, सर, विलास आहे की. दुसरं म्हणालं, हो सर, आता सवय झाली. कोणी रागावलेलं नव्हतं, कोणाला अन्यायबिन्याय वाटत नव्हता. तीन आठवडे पुरले होते. अण्णा बराच वेळ त्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले. नंतर कळलं, मुख्याध्यापक परीक्षेच्या पोर्शनवरून मागे लागले होते, ताकदही नव्हती अंगात. पण मला तेव्हा दिसले ते फक्त त्यांचे हात. त्यांनी डबा बंद केला. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो धडा कधी तसा शिकवला नाही. पुस्तकातला वाचून दाखवायचे.

यमुनेचं पुढे काय झालं, ते कोणाला माहीत नाही. मी शोधलं. फेसबुकवर यमुना नावाच्या बायकांचे फोटो मोठे करकरून बघितले, हाताला कुठे हिरवा दोरा दिसतोय का असल्या वेड्या आशेने. लग्नानंतरचं आडनाव ठाऊक नाही, बदललेलं नावही ठाऊक नाही. एकदा विलासला फोन लावला. तो आता मोठा माणूस झालाय, गोड बोलला, सिंगापूरला बोलाव म्हणाला. निवडणुकीचं काढलं तर म्हणाला, कसली निवडणूक गं? त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्याच्यासाठी मी मैत्रिणीला पाडलं, त्याच्या गावीही नव्हतं.

आणि ती येते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण दुपारी फ्लॅटमध्ये एकटी असले की कोणीतरी दाराबाहेर उभं आहे असं वाटतं. आत न येणारं. मी दार उघडते. कॉरिडॉरमध्ये शेजारच्या आजींच्या कुंड्या, वाळत घातलेलं फडकं, आणि कुठून तरी तळणीचा वास. एवढंच. मी तरी दार जरा वेळ उघडंच ठेवते. आत ये म्हणायला अजून माझं तोंड उघडत नाही.

इथे मतदानाचा दिवस आला की सगळ्यांना सुट्टी. आम्ही पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे इथे सगळं करायचं, मत सोडून. तिकडच्या यादीत माझं नाव आहे की गाळलं, देव जाणे. चार माडांची मालकीण वीस वर्षं कुठेच मतदार नाही. गेल्या मतदानाला खालच्या शाळेच्या फाटकाबाहेर सकाळपासून रांग होती. शेजारच्या आजी वॉकर घेऊन निघाल्या, केसांना तेल लावून. अण्णा खिडकीशी खुर्ची ओढून बसले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत हलले नाहीत. माणसं मोजत असावेत. मी म्हटलं, अण्णा, त्यात बघण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, कोणी कोणाला बसा म्हणत नाहीये.

शेवटच्या महिन्यांत त्यांना दिवस-वार कळेनासे झाले. सईला ते माझ्या नावाने हाक मारायचे. पण दुपारी झोपेतून उठले की हमखास विचारायचे, यमुना आली का? मी म्हणायची, नाही अण्णा. मग ते डबा मागायचे, मांडीवर घेऊन बसायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, उघडून टाका ना ती चिठ्ठी, काय लिहिलंय ते कळेल तरी. त्या एका क्षणाला ते पुन्हा पुरते शिक्षक झाले. म्हणाले, सगळ्यांची मतं पडल्याशिवाय पेटी उघडत नाहीत. धडा अर्धा राहिलाय माझा. माझ्या चुकीने राहिलाय.

‘माझ्या चुकीने’ म्हणाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तर शनिवारी उबीनवर, धक्क्यापासून थोडं आत, एका जुन्या घराशेजारी आम्ही बसलो. पत्र्याचं छप्पर, दाराशी कोंबड्या, मागे नारळाची झाडं. सईने डबा मांडीवर घेतला. मी आजोबांचा नियम पुन्हा ऐकवला. सगळ्यांची मतं. ते चाळीस जण आता कुठून आणायचे? तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, यू सो स्ट्रिक्ट. बट यू ऑल्सो हॅवन्ट वोट, वॉट."

खरंच की. मोठ्याने दिलेलं ते एक मत मी आयुष्यभर उगाळत बसले होते. दुसऱ्या दिवसाचं, चिठ्ठीवरचं, ते मी दिलंच नव्हतं. यमुना पांढरे पाय घेऊन चालत येऊन देऊन गेली. मी त्याच घरात होते, दाराआड, चिठ्ठ्यांपासून चार हातांवर.

दोरा इतका जुना झाला होता की हात लावताच तुटला. मी एक चिठ्ठी घेतली. सईची पेन्सिल घेतली. तिच्याकडे पाठ केली, हाताचा आडोसा केला आणि लिहिलं. चार घड्या घातल्या, डब्यात टाकली. दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच पिवळ्या. बावन्न वर्षांच्या बाईला वर्गात उठायला सांगितल्यासारखं वाटत होतं.

"आता उघड तिची," मी म्हटलं.

सईने जुनी घडी ओळखून उचलली. शाळेत मातृभाषेच्या तासाला तिने हिंदी घेतलीय, त्यामुळे देवनागरी वाचते, सावकाश, एकेक अक्षर लावत. मला वाटत होतं, यमुनेने स्वतःचं नाव लिहिलं असेल. तिचा तो हक्कच होता. आणि आता सांगायला काय हरकत आहे, मनाच्या तळाशी मला वाटायचं, तिने माझं नाव लिहिलं असेल, सगळं विसरून. चिठ्ठीवर कोणाचंही नाव लिहिता येतं. त्या लोभानेच मी ती इतकी वर्षं उघडू दिली नव्हती. खोटं ठरलं असतं तर सहन झालं नसतं.

"वि... ला... स," सईने वाचलं.

मी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली. गोल, ठसठशीत अक्षर, काना जरा लांब. विलास. दुसरं काही नाही.

सई म्हणाली, म्हणजे तिने स्वतःलाच पाडलं? तिला ते पटेना. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पायरी आली, पेन्सिल, आणि तो प्रश्न, मॉनिटर रोज शाळेत यायला हवा ना, सर? तो टोमणा नव्हता. ती दुसऱ्या दिवशीपासून असणार नव्हती. विलास निदान गावात तरी असणार होता. ती जिंकायला आलीच नव्हती. रागवायला नाही, माफ करायला नाही, माझ्यासाठी तर नाहीच नाही. चाळीसातलं एक मत तिचं होतं आणि ते दिल्याशिवाय ती गाव सोडणार नव्हती, एवढ्यासाठी ती उन्हातून आली. तेच नाव मीही घेतलं होतं. मी घेतलं ते सहा जणांनी जागा करून दिली म्हणून. तिने एकटीने, वर्गाचा विचार करून लिहिलं. मला रडू आलं. कोंबड्यांसमोर, सईसमोर, चांगलं हुंदके देऊन रडले. सईने टॉवेल पुढे केला, खडूच्या वासाचा.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "अँड यू? तू कोणाचं लिहिलंस?"

"सांगायचं नसतं," मी म्हटलं.

परतीच्या धक्क्यावर आलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. अंकल आला, तर्जनीने मोजायला लागला. अकरा. एक कमी. सगळे बसून राहिले. सायकलवाली पोरं कुरकुरायला लागली, विजा चमकायला लागल्या. मी धक्क्याच्या लांब फळ्यांकडे बघत होते, पार बेटाच्या कडेपर्यंत. कोणी येत नव्हतं. कोणी येणार नाही हे कळायला मला एवढी वर्षं लागायला नको होती.

इथे एक पद्धत आहे. कोणी रिकाम्या जागेचं भाडं भरलं तर लाँच अकरांवरही सोडतात. मी उठून अंकलच्या हातात पैसे दिले. आम्ही आत शिरलो. मी कडेच्या फळीवर बसले, सई पलीकडे, आणि मध्ये माझ्या शेजारी मुद्दाम जागा सोडली. सई डबा पोटाशी धरून बसली.

ती रिकामी फळी बघून मी म्हटलं, हळूच, पण तोंड उघडून म्हटलं, "आत ये."

अंकलने दोर सोडायच्या आधी सवयीने पुन्हा एकदा मोजलं. सायकलवाले, म्हातारी, कामगार, सई. मग त्याची तर्जनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर आली, क्षणभर थांबली आणि माझ्याकडे वळली. "ट्वेल्व्ह," तो म्हणाला, आणि त्याने इंजिन सुरू केलं.